टेक्सास अमेरिकेत यायला पावणेदहा वर्षं का लागली?

सबीनकाठ

टेक्सासने मेक्सिकोपासून स्वातंत्र्य जाहीर केलं २ मार्च १८३६ ला. २१ एप्रिलला सान हासिंतोच्या लढाईत मेक्सिकोचा सत्ताधीश सांता आना याचा पराभव झाला. सप्टेंबरमध्ये मतदान झालं आणि तिथल्या मतदारांनी जवळजवळ एकमुखाने अमेरिकेत जायच्या बाजूने कौल दिला. मतदार बहुतेक अमेरिकेतूनच आलेले, भाषा तीच, हद्दीला हद्द लागून. तरी विलीनीकरणाच्या कागदावर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची शेवटची सही पडली २९ डिसेंबर १८४५ ला. मधली पावणेदहा वर्षं नेमकं काय अडलं होतं, यावर हा धागा.

'मेक्सिकोशी युद्ध होईल ही भीती' हे उत्तर सगळीकडे मिळतं. भीती खरी होती, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. १८४५ मध्ये ती भीती आधीपेक्षा मोठी होती आणि नेमकं तेव्हाच विलीनीकरण झालं. खरा अडसर वॉशिंग्टनमध्ये होता, आणि तो मतांच्या हिशेबाचा होता. तीन आकडे समोर ठेवा.

पहिला आकडा १३-१३. जून १८३६ मध्ये आर्कन्सा आणि जानेवारी १८३७ मध्ये मिशिगन आलं, तेव्हा गुलामगिरी असलेली राज्यं १३ आणि नसलेली १३ अशी बरोबरी झाली. प्रत्येक राज्याचे सिनेटर दोन, म्हणजे सिनेटमध्ये २६-२६. टेक्सासच्या १८३६ च्या राज्यघटनेने गुलामगिरीला पक्कं संरक्षण दिलं होतं. शिवाय मुलूख एवढा मोठा की त्यातून पुढे चार-पाच राज्यं काढता येतील. उत्तरेच्या, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यांच्या, डोळ्यांसमोर दोन नव्हे, दहा नवे सिनेटर उभे होते.

दुसरा आकडा दोन-तृतीयांश. परराष्ट्राशी केलेला तह सिनेटमध्ये हजर सदस्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो. सभागृह भरलेलं असेल तर ५२ पैकी ३५. दक्षिण अख्खी एक झाली तरी २६. म्हणजे उत्तरेतून निदान नऊ मतं आणायची.

तिसरा आकडा वेळापत्रकाचा. निवडणूक दर चार वर्षांनी, आणि डेमोक्रॅट व व्हिग हे दोन्ही पक्ष उत्तर-दक्षिण दोन्हीकडे पसरलेले. गुलामगिरीचा विषय राष्ट्रीय पातळीवर निघाला की पक्ष मधोमध फाटणार. त्यामुळे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांचा अलिखित करार होता की टेक्सासचं नाव काढायचं नाही.

अमेरिकेचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन हा टेक्सासचा पुढारी सॅम ह्यूस्टन याचा जुना स्नेही आणि टेक्सासचा उघड हितचिंतक. त्यानेसुद्धा १८३६ ची निवडणूक पार पडेपर्यंत टेक्सासला साधी मान्यता दिली नाही. ती दिली ३ मार्च १८३७ ला, कारकीर्दीच्या शेवटच्या दिवशी. पुढचा राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्यूरन न्यूयॉर्कचा. ऑगस्ट १८३७ मध्ये टेक्सासचा वकील (म्हणजे राजदूत) मेम्यूकन हंट याने रीतसर प्रस्ताव दिला, आणि परराष्ट्रमंत्री फोर्सिथने तीन आठवड्यांत नकार कळवला. फोर्सिथ स्वतः जॉर्जियाचा होता. तेव्हा 'दक्षिणेला हवं होतं, उत्तरेने अडवलं' एवढी सरळ विभागणी करू नये.

१८३८ मध्ये दक्षिण कॅरोलायनाच्या प्रेस्टनचा विलीनीकरणाचा ठराव सिनेटने २४ विरुद्ध १४ मतांनी बाजूला ठेवला. तिकडे प्रतिनिधीगृहात जॉन क्विन्सी ॲडम्सने १६ जून ते ७ जुलै १८३८ असं रोज सकाळच्या तासात विलीनीकरणाविरुद्ध भाषण चालवून अधिवेशन संपवलं. ऑक्टोबरमध्ये टेक्सासने प्रस्ताव मागे घेतला. डिसेंबरमध्ये तिथे लामार राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याला विलीनीकरण नकोच होतं. पहिला अंक इथे संपतो.

कलमचार

चांगला धागा. घटनेच्या बाजूने भर घालतो, कारण फोर्सिथचं उत्तर अनेकदा नुसती टाळाटाळ म्हणून सांगितलं जातं.

त्यात दोन मुद्दे होते. एक असा की लुईझियाना (१८०३) आणि फ्लोरिडा (१८१९) हे परकीय राजसत्तांचे मुलूख होते, ते तहाने घेतले. पण एक सार्वभौम स्वतंत्र राष्ट्र, स्वतःची घटना आणि सरकार असलेलं, अख्खंच्या अख्खं सामावून घेता येतं का? याला दाखला नव्हता. फोर्सिथने हा प्रश्न उघडा ठेवला आणि दुसऱ्या मुद्द्यावर नकार दिला. अमेरिकेचा मेक्सिकोशी मैत्रीचा तह चालू होता, आणि टेक्सास-मेक्सिको युद्ध संपलेलं नसताना टेक्सास घेणं म्हणजे ते युद्ध अंगावर घेणं.

हा दुसरा मुद्दा कायद्याने भक्कम होता. १८१९ च्या तहात अमेरिकेने सबीन नदी ही सरहद्द मान्य केली होती, आणि १८२८ मध्ये मेक्सिकोबरोबर त्याच सरहद्दीचा तह पुन्हा केला होता. टेक्सासकडे दाखवायला होते वेलास्कोचे तह, १४ मे १८३६ चे. पण ते कैदेत असलेल्या सांता आनाकडून सही करून घेतलेले, आणि मेक्सिकोच्या सरकारने ते कधीच मानले नाहीत. कैद्याच्या सहीवर सरहद्द ठरत नाही, ही मेक्सिकोची बाजू कुठल्याही न्यायसभेत टिकली असती.

मान्यता आणि विलीनीकरण या दोन पायऱ्या वेगळ्या आहेत, हेही ध्यानात ठेवावं. मान्यता देणं एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या हातात जवळजवळ असतं. तो वकील नेमतो, सिनेट त्या नेमणुकीला साध्या बहुमताने होकार देते, झालं. विलीनीकरणाला मात्र तह लागतो किंवा कायदा. म्हणून जॅक्सन पहिली पायरी चढला आणि तिथेच थांबला.

शाईदौत

दोघांचेही प्रतिसाद माहितीपूर्ण. एक शंका आहे. टेक्सास घेण्यासाठी केलेल्या १८४४ च्या तहाला सिनेटमध्ये फक्त १६ मतं पडली. दक्षिणेचे २६ सिनेटर असताना १६? म्हणजे गुलाम राज्यांतल्याही कित्येकांनी विरोध केला. सबीनकाठ, तुमच्या १३-१३ च्या हिशेबात हे कसं बसतं?

सबीनकाठ

रास्त शंका. १३-१३ हा पाया झाला, १८४४ मध्ये त्यावर पक्षाची रेघ येऊन बसली. जरा तपशिलात सांगतो.

हा तह राष्ट्राध्यक्ष टायलरचा, आणि टायलर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला नव्हता. हॅरिसन महिनाभरात वारला म्हणून उपराष्ट्राध्यक्षाचा राष्ट्राध्यक्ष झाला. राष्ट्रीय बँकेचं विधेयक दोनदा अडवल्यामुळे सप्टेंबर १८४१ मध्ये त्याच्याच व्हिग पक्षाने त्याला काढून टाकलं. पक्ष नसलेल्या राष्ट्राध्यक्षाला १८४४ ला उभं राहायचं तर हातात काहीतरी ठळक हवं, आणि ते म्हणजे टेक्सास. साहजिकच ज्या व्हिगांनी त्याला हाकललं, ते त्याच्या हाताला यश लागू देणार नव्हते. सिनेटमध्ये बहुमत त्यांचं.

परराष्ट्रमंत्री वेबस्टर मॅसॅच्युसेट्सचा, तो असेपर्यंत विषय पुढे सरकत नव्हता. मे १८४३ मध्ये तो गेला, मग व्हर्जिनियाचा ॲबेल अपशर आला. अपशरने वाटाघाटी गुपचूप चालवल्या आणि एकेका सिनेटरला गाठून मतं चाचपली. दोन-तृतीयांश जमतील असा त्याचा अंदाज होता. तो बरोबर होता की नाही हे कळायचं राहूनच गेलं. २८ फेब्रुवारी १८४४ ला 'प्रिन्स्टन' या युद्धनौकेवर 'पीसमेकर' नावाची तोफ डागताना फुटली आणि अपशर जागीच ठार झाला. नौदलमंत्री गिल्मरही त्याच स्फोटात गेला.

त्याच्या जागी आला कॅलहून. १२ एप्रिलला तहावर सह्या झाल्या, आणि १८ एप्रिलला कॅलहूनने ब्रिटिश वकील पेकनमला ते पत्र लिहिलं. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री अ‍ॅबर्डीन याने कळवलं होतं की जगभर गुलामगिरी संपावी अशी ब्रिटनची इच्छा आहे, पण टेक्सासमध्ये आम्ही ढवळाढवळ करणार नाही. या खुलाशावर गप्प बसता आलं असतं. कॅलहूनने मात्र टेक्सासचं विलीनीकरण गुलामगिरीच्या रक्षणासाठी आहे असं सरकारी कागदावर मांडलं, आणि गुलामगिरी काळ्या लोकांच्या हिताचीच आहे असंही त्यात लिहिलं. ते पत्र तहाच्या कागदांबरोबर सिनेटकडे गेलं. ओहायोच्या टॅपन या सिनेटरने गुप्त कागद न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राला दिले आणि २७ एप्रिलला सगळं छापून आलं.

उत्तरेतल्या डेमोक्रॅट सिनेटरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. काल 'राष्ट्रविस्तार' म्हणून मत देता आलं असतं, आज तेच मत 'गुलामगिरीसाठी' असं नोंदलं जाणार.

योगायोग असा की त्याच २७ एप्रिलला क्ले आणि व्हॅन ब्यूरन, दोन्ही पक्षांचे संभाव्य उमेदवार, यांची तातडीच्या विलीनीकरणाविरुद्धची पत्रं छापून आली. क्लेचं पत्र आल्यावर दक्षिणेतल्या व्हिगांना पक्षाची दिशा मिळाली. ८ जूनला मतदान झालं: बाजूने १६, विरुद्ध ३५. व्हिगांची मतं १ विरुद्ध २७, डेमोक्रॅटांची १५ विरुद्ध ८. बाजूने गेलेला एकटा व्हिग मिसिसिपीचा हेंडरसन. दक्षिणेची बाकीची मतं कुठे गेली त्याचं उत्तर इथे आहे: ती पक्षाबरोबर गेली.

मिसूरीचा बेंटन डेमोक्रॅट, तोही गुलाम राज्यातला, पण विरुद्ध होता. त्याचं कारण सरहद्द. टेक्सासने डिसेंबर १८३६ च्या कायद्याने रिओ ग्रांदे नदीच्या उगमापर्यंतचा मुलूख आपला म्हटला होता. त्यात सांता फे येत होतं, जिथे टेक्सासची सत्ता एक दिवसही नव्हती. बेंटनचं म्हणणं असं की हे टेक्सास घेणं नव्हे, दोन हजार मैलांच्या मेक्सिकन मुलखावर कागदी ताबा मिळवणं आहे.

हुंडीवाला

पैशाचा अडथळा कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

टेक्सास प्रजासत्ताकाचा कारभार कर्जावर आणि कागदी नोटांवर चालला. लामारच्या काळातल्या लाल पाठीच्या नोटा इतक्या घसरल्या की शेवटी डॉलरमागे काही सेंटच मिळत. प्रजासत्ताक बुडीत निघालेलं, पण त्याच्याकडे एक गोष्ट अफाट होती, ती म्हणजे पडीक सरकारी जमीन.

१८४४ च्या तहात सौदा असा होता: टेक्सास प्रदेश म्हणून येईल, आपली सरकारी जमीन अमेरिकेला देईल, आणि अमेरिका त्याचं एक कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज उचलेल. ऐकायला सरळ. पण १८३७ च्या मंदीनंतर अमेरिकेतल्याच कित्येक राज्यांनी व्याज थकवलं होतं आणि केंद्राने त्यांची कर्जं उचलायला नकार दिला होता. मिसिसिपीने आपले रोखे फेटाळले होते. मग पेनसिल्व्हेनियाचा करदाता विचारणार की आमच्या राज्याला दमडी नाही आणि परक्या देशाच्या रोखेधारकांना एक कोटी? त्यात टेक्सासचे रोखे आणि जमिनीचे दस्त सट्टेबाजांनी मातीमोलाने घेऊन ठेवले होते. विलीनीकरण म्हणजे त्यांची दिवाळी, हा आरोप विरोधकांनी सभागृहात जोरात केला.

शेवटी ज्याने विलीनीकरण झालं त्या १८४५ च्या ठरावात हा भाग पूर्ण उलटा केला. जमीन टेक्सासची टेक्सासकडे, कर्जही टेक्सासचं टेक्सासकडे. कर्ज कुठल्याही परिस्थितीत अमेरिकेच्या सरकारवर येणार नाही असं स्पष्ट कलम. जमीन विकून कर्ज फेडा, उरेल ती तुमची. हा बदल टेनेसीच्या मिल्टन ब्राउनचा, आणि तो व्हिग होता. दक्षिणेतल्या काही व्हिगांना मत फिरवायला ही एवढी वाट पुरली.

तळटीप

सबीनकाठ यांच्या मूळ मांडणीशी मी अर्धाच सहमत आहे. सगळं वॉशिंग्टनमध्ये घडलं असं वाचताना वाटतं. टेक्सास हा काही टेबलावर ठेवलेला जिन्नस नव्हता.

वाटाघाटीला बसणंच टेक्सासला धोक्याचं होतं, हे लक्षात घ्या. १८४२ मध्ये मेक्सिकन फौजा मार्चमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये सॅन अँटोनियोत घुसल्या होत्या. जून १८४३ मध्ये ह्यूस्टनने, तो तेव्हा टेक्सासचा राष्ट्राध्यक्ष होता, मेक्सिकोशी शस्त्रसंधी जाहीर केली, ब्रिटनच्या मध्यस्थीने. अशा वेळी अमेरिकेशी तहाची बोलणी उघड झाली तर तीन नुकसानं एकदम: शस्त्रसंधी मोडणार, ब्रिटन-फ्रान्स हात काढून घेणार, आणि अमेरिकेच्या सिनेटने तह नाकारला तर टेक्सास एकटं उरणार. ऑगस्ट १८४३ मध्ये मेक्सिकोने वॉशिंग्टनला कळवलं होतंच की विलीनीकरण आम्ही युद्धाची घोषणा समजू.

म्हणून ह्यूस्टनची अट होती: सही आणि मंजुरी यांच्या मधल्या काळात अमेरिकेचं सैन्य आणि आरमार आमचं रक्षण करेल असं लिहून द्या. इथे खरी घटनात्मक अडचण आली. टेक्सासमधल्या अमेरिकेच्या वकिलाने, मर्फीने, तसं आश्वासन दिलं आणि वॉशिंग्टनने ते मार्चमध्ये मागे घेतलं, कारण काँग्रेसला न विचारता परक्या देशाच्या रक्षणाला सैन्य गुंतवायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही. पुढे कॅलहूनने मवाळ शब्दांत हमी दिली. आखातात जहाजं आणि सरहद्दीवर आपल्याच हद्दीत तुकड्या ठेवल्या गेल्या. सिनेटला हे कळल्यावर त्यावरूनही गदारोळ झाला. शेजारचा मुलूख जोडून घेताना ही मधली पोकळी हमखास येते, आणि तहाच्या मसुद्यात ती भरायला कलम नसतं.

आणि ब्रिटन. ह्यूस्टनने ब्रिटनशी जवळीक मुद्दाम दाखवली यात शंका नाही, पण ती नुसती बतावणी नव्हती. फ्रान्सने १८३९ मध्ये, ब्रिटनने १८४० च्या तहांनी मान्यता दिली होती. ब्रिटनला अमेरिकेबाहेरचा कापूस आणि अमेरिकेच्या जकातीबाहेरचं बंदर मिळत होतं. टेक्सासला दुसरी वाट खरोखर उपलब्ध होती. ती नसती तर वॉशिंग्टनमध्ये घाई कुणालाच नव्हती.

सबीनकाठ

तळटीप, मधल्या काळातल्या संरक्षणाचा मुद्दा मान्य. तो मूळ लेखात यायला हवा होता. ब्रिटनबद्दल मात्र एवढंच म्हणेन की वॉशिंग्टनमध्ये ब्रिटनची भीती ज्यांना वापरायची होती त्यांनीच ती वाढवली. अ‍ॅबर्डीनच्या खुलाशानंतर निदान कॅलहूनला खरी परिस्थिती माहीत होती.

शाईदौत

मग १८४४ च्या तहाला १६ मतं, आणि १८४५ च्या ठरावाला त्याच सिनेटमध्ये २७, हे कसं झालं? सिनेट तर तीच होती ना? १८४४ मध्ये निवडून आलेले सदस्य मार्च १८४५ नंतर बसणार.

कलमचार

बरोबर, सभागृह तेच. बदलली ती पद्धत. म्हणून ठरावाचा मजकूर जवळून पाहू.

तह पडल्यावर दोनच दिवसांनी, १० जूनला, टायलरने सगळे कागद प्रतिनिधीगृहाकडे पाठवले आणि सुचवलं की दुसऱ्या कुठल्या घटनात्मक मार्गाने हे करता आलं तर करा. तो मार्ग म्हणजे संयुक्त ठराव. दोन्ही सभागृहांत साधं बहुमत, मग राष्ट्राध्यक्षाची सही. आधार राज्यघटनेच्या चौथ्या कलमाचा तिसरा खंड: काँग्रेस नवीन राज्यांना संघात प्रवेश देऊ शकते. विरोधक म्हणाले, हे कलम आपल्याच मुलखातून निघणाऱ्या राज्यांसाठी आहे. समर्थकांचं उत्तर असं की कलमात 'आपल्या मुलखातून' असे शब्दच नाहीत. एकच मर्यादा आहे, आणि ती अशी की असलेल्या राज्याचा तुकडा पाडून नवं राज्य करायचं तर त्या राज्याची संमती हवी.

या आधाराची एक किंमत होती, आणि ती बहुतेक ठिकाणी सांगायची राहते. कलम 'राज्यां'बद्दल आहे, म्हणून टेक्सासला प्रदेश म्हणून घेता येईना, थेट राज्य म्हणूनच घ्यावं लागलं. तहात प्रदेश, ठरावात राज्य, हा फरक यातून आला. हुंडीवाला यांनी सांगितलेला जमिनीचा आणि कर्जाचा बदल त्याला जुळूनच आला. राज्य म्हणून येणारा आपला संसार स्वतः सांभाळेल.

ठरावातल्या बाकीच्या अटी अशा. टेक्सासने लोकनियुक्त परिषद भरवून राज्याची घटना करायची आणि ती १ जानेवारी १८४६ च्या आत काँग्रेससमोर ठेवायची. किल्ले, बराकी, बंदरं, आरमार, शस्त्रसाठा हे संरक्षणाचं सगळं अमेरिकेला द्यायचं. टेक्सासच्या संमतीने त्यातून आणखी जास्तीत जास्त चार राज्यं निघू शकतील. ३६ अंश ३० मिनिटांच्या रेषेच्या उत्तरेला निघणाऱ्या राज्यात गुलामगिरी नसेल, दक्षिणेला तिथल्या लोकांच्या इच्छेवर. आणि परराष्ट्रांशी असलेले सरहद्दीचे वाद अमेरिकेचं सरकार मिटवेल. मुलूख कुठला, तर 'टेक्सास प्रजासत्ताकात योग्यपणे मोडणारा आणि हक्काने त्याचा असलेला'. नदीचं नाव नाही, अक्षांश नाही. बेंटनचा आक्षेप या मोघम शब्दांनी टाळला, सोडवला नाही.

सबीनकाठ

आता मतांचा हिशेब.

नोव्हेंबर १८४४ ला डेमोक्रॅट पक्षाचा पोल्क निवडून आला, २७५ पैकी १७० निर्वाचक मतांनी. बाल्टिमोरच्या पक्षपरिषदेत दोन-तृतीयांशचा नियम लावून व्हॅन ब्यूरनला अडवलं गेलं, आणि नवव्या फेरीत पोल्क उमेदवार ठरला. हा कौल टेक्सासच्या बाजूचा, असा दावा टायलरने डिसेंबरमध्ये केला. तो दावा कितपत खरा? न्यूयॉर्कची ३६ निर्वाचक मतं पोल्कला पाच हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने मिळाली, आणि तिथे गुलामगिरीविरोधी लिबर्टी पक्षाच्या बर्नीने १५,००० हून जास्त मतं घेतली. न्यूयॉर्क फिरलं असतं तर क्ले १४१ विरुद्ध १३४ ने जिंकला असता. म्हणजे टेक्सासला सर्वांत कडवा विरोध करणाऱ्यांच्या मतविभागणीने टेक्सासवाला जिंकला. पण राजकारणात निकालाचा अर्थ जिंकणारा लावतो. उत्तरेतल्या डेमोक्रॅटांना आता पक्षाच्या नव्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध जाणं परवडणारं नव्हतं. पुढच्या नेमणुका त्याच्या हातात होत्या.

२५ जानेवारी १८४५ ला प्रतिनिधीगृहात १२० विरुद्ध ९८ असा ठराव पास झाला. सिनेटमध्ये बेंटनचा गट अडून होता, त्याला नव्याने वाटाघाटी हव्या होत्या. तेव्हा सिनेटर थेट लोकांतून नव्हे, राज्याच्या विधिमंडळातून निवडले जात, आणि मिसूरीच्या विधिमंडळाने बेंटनला विलीनीकरणाच्या बाजूने जायला सांगितलं होतं. म्हणजे त्याला मान सोडवायला वाट हवी होती. मिसिसिपीच्या वॉकरने ती काढली. ठरावात दोन पर्याय ठेवले: राष्ट्राध्यक्षाने हवं तर ब्राउनचा मसुदा टेक्सासला थेट द्यावा, नाहीतर एक लाख डॉलर खर्चाची तरतूद घेऊन नव्याने वाटाघाटी कराव्यात. निवड पोल्क करेल आणि दुसरा पर्याय घेईल, अशी बेंटनच्या गटाची समजूत होती.

२७ फेब्रुवारीला २७ विरुद्ध २५. सगळे २४ डेमोक्रॅट आणि दक्षिणेतले तीन व्हिग: मिसिसिपीचा हेंडरसन, लुईझियानाचा जॉन्सन, मेरीलँडचा मेरिक. एकाने बाजू बदलली असती तर २६-२६, म्हणजे ठराव पडला असता. टायलर स्वतः उपराष्ट्राध्यक्षाचा राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे बरोबरी फोडायला उपराष्ट्राध्यक्षच नव्हता. १ मार्चला टायलरने सही केली आणि ३ मार्चला, पोल्कची शपथ एका दिवसावर असताना, पहिला पर्याय निवडून प्रस्ताव टेक्सासकडे रवाना केला. पोल्कने तो परत बोलावला नाही. दुसऱ्या पर्यायाच्या भरवशावर मत देणाऱ्यांची फसगत झाली, आणि तसं त्यांनी पुढे जाहीरपणे म्हटलं.

तळटीप

टेक्सासकडचा शेवटचा टप्पा मी लिहितो.

अँसन जोन्स डिसेंबर १८४४ पासून राष्ट्राध्यक्ष. मार्च १८४५ च्या शेवटी ब्रिटनचा वकील एलियट आणि फ्रान्सचा वकील सालिन्यी त्याच्याकडे आले. जोन्सने त्यांना ९० दिवस दिले: तेवढ्यात मेक्सिकोकडून स्वातंत्र्याची मान्यता आणा. एलियट मेक्सिकोला गेला आणि घेऊन आलासुद्धा. मेक्सिकोने मे महिन्यात कबूल केलं की टेक्सासने दुसऱ्या कुठल्याही देशात विलीन न होण्याची हमी दिली तर स्वातंत्र्य मान्य. ४ जूनला जोन्सने हे जाहीर केलं. म्हणजे टेक्सासच्या काँग्रेससमोर १६ जूनला एकाच वेळी दोन कागद होते: अमेरिकेचा प्रवेश आणि मेक्सिकोची मान्यता. त्यांनी दुसरा नाकारून पहिला घेतला. ४ जुलैला ऑस्टिनमध्ये परिषदेने ५५ विरुद्ध १ मतांनी होकार दिला, ऑक्टोबरमध्ये मतदारांनी शिक्कामोर्तब केलं.

नऊ वर्षं मान्यता नाकारणारा मेक्सिको आत्ताच कसा तयार झाला? डिसेंबर १८४४ मध्ये सांता आनाची सत्ता गेली आणि एरेरा राष्ट्राध्यक्ष झाला. एरेराला युद्ध नको होतं, पण उघडपणे टेक्सास सोडणारं सरकार मेक्सिकोत टिकत नसे. म्हणून 'अमेरिकेला मिळत नसेल तर स्वतंत्र राहू दे' एवढंच तो म्हणू शकत होता. टेक्सासचा होकार आल्यावर, नोव्हेंबर १८४५ मध्ये, पोल्कने स्लायडेलला मेक्सिकोला पाठवलं. मेक्सिकोने टेक्सासच्या वादापुरता आयुक्त स्वीकारायची तयारी दाखवली होती, अमेरिकेने पाठवला पूर्णाधिकारी वकील. त्याला स्वीकारणं म्हणजे संबंध सुरळीत झाले, टेक्सासचा विषय मिटला, असं मानणं. एरेराने नकार दिला, तरी वर्षाच्या शेवटी सेनापती पारेदेसने त्याला हाकललंच.

आणि कलमचार यांनी दाखवलेली मोघम सरहद्द तिथेच आडवी आली. मेक्सिकोच्या मते टेक्सासची हद्द न्यूएसेस नदी, टेक्सासच्या मते रिओ ग्रांदे. १८४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकी सेनापती टेलर (राष्ट्राध्यक्ष टायलर नव्हे) याची फौज न्यूएसेसच्या मुखाशी, कॉर्पस क्रिस्टीला बसली. जानेवारी १८४६ मध्ये तिला रिओ ग्रांदेकडे सरकायचा हुकूम गेला. २५ एप्रिलला दोन नद्यांमधल्या पट्ट्यात चकमक झाली, १३ मे ला युद्ध जाहीर झालं.

हुंडीवाला

कर्जाचं पुढे काय झालं तेही सांगून ठेवतो, कारण ते कलम कागदावरच राहिलं. प्रजासत्ताकाने काही रोख्यांना जकातीचं उत्पन्न तारण ठेवलं होतं. विलीन झाल्यावर जकात केंद्राकडे गेली, आणि तारण गेलं तिकडे धनको गेले. १८५० च्या तडजोडीत टेक्सासने सांता फेकडचा दावा सोडला आणि एक कोटी डॉलरचे पाच टक्क्यांचे रोखे घेतले. त्यातले ५० लाखांचे रोखे, जकातीवर हक्क सांगणारे धनको पावती देईपर्यंत, केंद्राने अडकवून ठेवले. शेवटी १८५५ च्या कायद्याने धनकोंसाठी ७७,५०,००० डॉलर मंजूर झाले. १८४४ चा तह ज्या ओझ्यासाठी नको होता, ते ओझं वेगळ्या दाराने आलं.

शाईदौत

धन्यवाद सगळ्यांना. हा संयुक्त ठरावाचा मार्ग पुढे कुणी वापरला का?

कलमचार

हवाईत. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला हटवल्यावर केलेला तह राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँडने सिनेटमधून परत घेतला. १८९४ मध्ये हवाई प्रजासत्ताक झालं. १८९७ च्या दुसऱ्या तहाविरुद्ध हवाईतल्या मूळ रहिवाशांनी २१,००० हून जास्त सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला, आणि त्या तहाला दोन-तृतीयांश मतं जुळेनात. मग स्पेनशी युद्ध सुरू झालं, आणि १८९८ मध्ये संयुक्त ठराव आला: प्रतिनिधीगृहात २०९ विरुद्ध ९१, सिनेटमध्ये ४२ विरुद्ध २१, ७ जुलैला मॅकिन्लीची सही.

टेक्सासचा दाखला तिथे पुरा लागू होत नव्हता. चौथं कलम राज्यांच्या प्रवेशाचं, आणि हवाईला राज्य म्हणून नव्हे तर मुलूख म्हणून घेतलं. टेक्सासच्या वेळी समर्थकांनी ज्या शब्दावर सगळा आधार ठेवला होता, तो शब्दच इथे गैरहजर. विरोधकांनी हे सिनेटमध्ये मांडलं, पण मतं फिरली नाहीत.

उलट उदाहरण सांतो दोमिंगोचं (आजचं डॉमिनिकन प्रजासत्ताक). राष्ट्राध्यक्ष ग्रँटने तहाचाच मार्ग धरला, ३० जून १८७० ला मतं २८ विरुद्ध २८ पडली आणि तह पडला. ग्रँटने विषय नंतर पुन्हा काढला, पण विलीनीकरण झालं नाही.